बाळाचा वरणभात प्रोटीनमध्ये कमी पडतो का? पां. वा. सुखात्मेंनी हे गणित कधीच मांडून ठेवलंय

बाळ सहा महिन्यांचं झालं की घरात दोन गट पडतात. आजी म्हणते, उष्टावण झालं की मऊ भात आणि मुगाचं वरण सुरू करा. फॅमिली ग्रुपवरची मावशी म्हणते, वरणभातात काय असतं, त्यात प्रोटीन कुठंय, अमुक पावडरचा डबा आणा. तिसरीकडून रील येते, त्यात ब्रोकोली, झुकिनी आणि ॲव्होकाडोची प्युरी असते. नवीन आईबाबा मध्ये अडकतात.

वाद आजचा वाटतो, पण साठ वर्षांपूर्वी हाच वाद संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर झाला होता. गरीब देशांतल्या लहान मुलांना नक्की काय कमी पडतंय, प्रोटीन की मुळात पोटभर अन्नच, असा तो प्रश्न होता. त्यात आकडेवारी घेऊन उभा राहिलेला एक माणूस पुण्यात शिकलेला आणि उतारवयात पुण्यातच काम करणारा होता. तो डॉक्टर नव्हता, आहारतज्ज्ञही नव्हता. तो संख्याशास्त्रज्ञ होता.

त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मेंचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पाऊस पडला तर पीक, नाहीतर टंचाई, असा हा सगळा खटावचा दुष्काळी पट्टा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून त्यांनी १९३२ साली गणितात पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले.

त्या काळात युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणजे संख्याशास्त्राची पंढरी होती. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअरसन, जर्झी नेमन अशी या विषयाचा पाया घालणारी माणसं तिथे होती. सुखात्मेंनी १९३६ साली तिथून पीएचडी घेतली आणि १९३९ साली डीएस्सी.

आता बुद्धिमान गणिती म्हटल्यावर हा माणूस फळ्यावर सूत्रं लिहीत बसला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण भारतात परतल्यावर सुखात्मे शेतात उतरले.

आणेवारी आणि वजनकाटा

देशात धान्य किती पिकलं, हे तेव्हा कसं ठरायचं माहितीये? आणेवारीने. महसूल खात्यातला माणूस उभं पीक नजरेने बघायचा आणि यंदा पीक किती आणे आहे ते सांगायचा. त्या अंदाजांची बेरीज म्हणजे देशाचं उत्पादन. दुष्काळ आहे की नाही, हेसुद्धा याच नजरेवर ठरायचं.

सुखात्मे १९४० साली दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत गेले आणि तिथे त्यांनी नमुना पद्धत लावली. कुठलं गाव आणि कुठलं शेत घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडायचं, शेतातला ठरावीक तुकडा मोजून घ्यायचा, तो कापायचा, मळायचा आणि धान्य काट्यावर घालायचं. नजरेचा अंदाज बाद, जे वजन येईल ते खरं.

हा तुकडा किती मोठा असावा, यावर त्यांचं थेट प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाजलं. महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव. ते लहान तुकडे कापून भागेल असं मानायचे. सुखात्मेंनी दाखवलं की तुकडा फार लहान असेल तर काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कागदावर धान्य वाढतं, कोठारात वाढत नाही.

ही सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. समोर कितीही मोठा माणूस असो, आकडा कसा मोजला हे ते आधी विचारायचे.

जगात उपाशी किती?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुखात्मे रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, म्हणजे एफएओ, तिच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक झाले आणि जवळपास दोन दशकं तिथे राहिले.

त्या वेळी जगातली दोन तृतीयांश माणसं भुकेली किंवा कुपोषित आहेत, असं सर्रास म्हटलं जायचं. एफएओचे पहिले प्रमुख जॉन बॉइड ऑर यांनीच हे सांगितलं होतं. आकडा भीतीदायक होता, पण तो कुठून आला याचा हिशोब पक्का नव्हता.

सुखात्मेंनी दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. पहिली, सरासरी फसवते. देशात माणशी पुरेसं धान्य असलं तरी ते घराघरांत सारखं वाटलं जात नाही. दुसरी, प्रत्येक माणसाची गरज वेगळी असते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच असतो असं नाही, त्याची गरजच कमी असू शकते. या दोन्ही फरकांचा हिशोब करूनच भुकेल्यांची संख्या काढली पाहिजे.

१९६१ साली त्यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसमोर हे सगळं मांडलं. त्यांच्या हिशोबाने जगातले १० ते १५ टक्के लोक अक्षरशः अर्धपोटी होते, आणि भूक व निकृष्ट आहार दोन्ही धरले तर हा आकडा निम्म्या जगापर्यंत जात होता. सोसायटीने १९६३ साली त्यांना गाय पदक दिलं. आजही एफएओ दरवर्षी जगातल्या भुकेल्यांचा आकडा जाहीर करते, त्या पद्धतीचं मूळ सुखात्मेंच्या या कामात आहे.

आणि मग आली प्रोटीनची लाट

आता आपण बाळाच्या वाटीकडे येतो.

१९३०च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाची ब्रिटिश डॉक्टर आजच्या घानामध्ये काम करत होती. तिला तिथे विचित्र आजार दिसला. दीड-दोन वर्षांची मुलं, पाय सुजलेले, पोट पुढे आलेलं, केसांचा रंग उतरलेला. तिथले लोक त्याला क्वाशिओरकोर म्हणायचे. पाठचं भावंड आलं की आधीच्या बाळाचं अंगावरचं दूध सुटतं आणि ते आजारी पडतं, असा त्या शब्दामागचा अर्थ. या मुलांना आईच्या दुधाऐवजी मक्याची पेज मिळत होती. विल्यम्सला शंका आली की यात प्रोटीनची कमतरता असावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शंकेचं जागतिक मोहिमेत रूपांतर झालं. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांमध्ये प्रोटीनसाठी खास सल्लागार गट बनला. माशांची पूड, शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ, अगदी जिवाणू आणि यीस्ट वाढवून त्यातून प्रोटीन काढायचे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाणा आणि हरभऱ्यापासून मल्टिपर्पज फूड बनवलं. १९६८ साली तर संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने जगावर प्रोटीनचं संकट येतंय असा इशारा दिला.

यातून सामान्य घरापर्यंत पोचलेला संदेश सोपा होता. तुमचं घरचं अन्न कमी दर्जाचं आहे, मुलाला वाचवायचं तर खास प्रोटीन हवं आणि ते डब्यातून येणार.

सुखात्मेंनी मूळ आकडे मागवले. भारतातल्या आहार पाहण्यांमध्ये ज्यांना प्रोटीन कमी पडतंय असं दिसत होतं, त्यांचं एकूण अन्न किती होतं हे त्यांनी तपासलं. तेव्हा दिसलं की ज्यांना प्रोटीन कमी पडत होतं, त्यातल्या बहुतेकांना मुळात कॅलरीच कमी पडत होत्या. पोटभर खाऊनही प्रोटीन कमी, असे लोक फारच थोडे निघाले. १९७० साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये त्यांनी हे छापलं.

यामागचं शरीराचं गणित समजायला सोपं आहे. शरीराची पहिली गरज असते इंधन. श्वास, हृदय, हालचाल, अंगाची ऊब, सगळं त्यावर चालतं. इंधन कमी पडलं की शरीर प्रोटीनच जाळायला लागतं. म्हणजे अर्धपोटी बाळाला महागडी प्रोटीन पावडर दिली तर त्यातला मोठा हिस्सा स्नायू बांधायला जातच नाही, तो चुलीत जातो. घर बांधायला आणलेलं सागवान सरपण म्हणून वापरावं, तसं.

आता वरणभाताचं गणित मांडू

आईच्या दुधातून मिळणाऱ्या कॅलरींपैकी प्रोटीनचा वाटा साधारण ६ टक्के असतो. आयुष्यात सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या काळात निसर्गाने एवढंच प्रमाण ठेवलंय. (अर्थात ते प्रोटीन अगदी उत्तम प्रतीचं असतं.)

तांदळात हा वाटा ८ ते ९ टक्के असतो. मूगडाळीत २८ टक्क्यांच्या आसपास. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ धरली, तर मिश्रणात साधारण १३ टक्के कॅलरी प्रोटीनमधून येतात. शिवाय तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असतं ते तांदळातून मिळतं. म्हणजे आजीचा मऊ भात आणि वरण प्रोटीनच्या प्रमाणात नापास होत नाही.

मग नापास कुठे होतो? प्रमाणात आणि पातळपणात.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. बाळाचं पोट किती? किलोमागे साधारण ३० मिली. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक मोठी वाटी मावते.

आता त्या वाटीत तांदळाची पातळ पेज भरा. दहा ग्रॅम तांदूळ, बाकी पाणी. कॅलरी झाल्या ३५. दिवसातून दोन वेळा दिली तर ७०. बाळाचं पोट भरलं, आईचं समाधान झालं, पण बाळाला लागत होत्या २००. डाळीचं नुसतं वरचं पाणी दिलं तर अवस्था आणखी वाईट, कारण डाळ पातेल्याच्या तळाशी राहते.

यावरचे उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. भात आणि डाळ मऊ शिजवून कुस्करायची, पण चमच्यातून गळणार नाही इतकी दाट ठेवायची. वर चमचाभर तूप घालायचं. पाच ग्रॅम तुपात ४५ कॅलरी, म्हणजे त्या पूर्ण पातळ पेजेपेक्षा जास्त. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करायची पद्धतही यासाठीच शहाणपणाची. मोड येताना धान्यात असे पाचक घटक तयार होतात, जे पिठातला स्टार्च तोडतात. त्यामुळे जास्त पीठ घातलं तरी खीर गिळायला सोपी राहते.

भाज्यांचंही असंच. लाल भोपळा, गाजर, पालक, रताळं हे सगळं बाळाला हवंच. त्यातून कॅरोटीन मिळतं, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि वेगवेगळ्या चवींची ओळख होते. पण दुधी किंवा पालकाची नुसती प्युरी म्हणजे बहुतांश पाणी. तिने पोट भरतं, कॅलरी मिळत नाहीत. म्हणून भाजी भाताच्या जागी देऊ नये, भातावरणात कुस्करून तुपाबरोबर द्यावी. कॅरोटीन शोषायला स्निग्ध पदार्थ लागतोच. एका वेळी एकच नवीन भाजी सुरू करावी. बाळाने तोंड फिरवलं तरी पुन्हा द्यावी, कारण नवीन चव पटायला आठ-दहा वेळा लागू शकतात. त्यासाठी झुकिनी शोधत फिरायची गरज नाही. मंडईतला लाल भोपळा चालतो.

जगाला पटलं का?

बऱ्याच अंशी पटलं. सुखात्मे एकटे नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपोषित मुलांना गहू, साखर आणि तेलापासून बनवलेला कॅलरी देणारा खाऊ दिला. त्यात प्रोटीन नावापुरतं होतं, तरी मुलांची उंची आणि वजन वाढलं. १९७३ साली हा अभ्यास छापून आला. १९७४ साली डोनाल्ड मॅकलारेन या तज्ज्ञाने लॅन्सेटमध्ये प्रोटीनच्या सगळ्या मोहिमेला फजिती ठरवलं. काही वर्षांत संयुक्त राष्ट्रांचा तो प्रोटीन गटही बंद झाला.

१९७१ साली सुखात्मेंना पद्मभूषण मिळालं. रोमचं काम संपवून ते पुण्यात आले. गोखले अर्थशास्त्र संस्था आणि महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, इथे त्यांनी काम सुरू ठेवलं. निवृत्त माणूस आता गप्प बसेल असं कुणाला वाटलं असेल, तर पुढचा वाद आणखी मोठा होता.

त्याच १९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास गाजत होता. माणशी रोज २,२५० कॅलरी हा त्यांचा निकष होता. ज्याला तेवढं परवडत नाही तो गरीब.

सुखात्मेंनी यालाच आव्हान दिलं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी मांडलं की एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. वजन आणि काम तेच राहूनही खाणं वरखाली होतं, शरीर ठरावीक मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं. म्हणून सरासरी ही सीमारेषा धरली तर भुकेल्यांची संख्या फुगते. सीमारेषा बरीच खाली हवी.

पुण्यातल्या पुण्यात जुंपली. दांडेकरांनी जोरदार उत्तर दिलं. गरिबी मोजायची रेषा खाली आणली की कागदावर गरीब कमी होतात, हा धोका उघड होता. प्रोटीनच्या वादात सुखात्मेंच्या बाजूला असणारे गोपालनही इथे विरोधात गेले. याच सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने, बुटकी मुलं लहान असली तरी निरोगी असू शकतात, असा सिद्धांत मांडला होता. गोपालन यांचं म्हणणं असं की मुलाची वाढ खुंटते ही जुळवून घेण्याची सोय नाही, ती उपासमारीची किंमत आहे. शिवाय सुखात्मे-मार्गेन सिद्धांतामागची मोजमापं मुख्यतः निरोगी तरुण पुरुषांवरची होती. तो नियम वाढत्या बाळाला लावता येत नाही.

हा आक्षेप टिकला. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ नंतर भरून निघणं अवघड असतं, हे आज सर्वमान्य आहे. वरणभाताची मर्यादाही आता नीट माहिती आहे. त्यात लोह आणि झिंक कमी पडतं, म्हणून कडधान्यं, पालेभाज्या, वर लिंबू पिळून, आणि खाणाऱ्या घरात अंडं, मासे, मटण बाळाच्या आहारात लवकर यायला हवं.

पण याच वादात सुखात्मेंनी लावून धरलेला एक मुद्दा आज कुणी नाकारत नाही. ते म्हणायचे, नुसतं ताटात काय पडतं ते बघू नका, पाणी कुठलं आहे ते बघा. दूषित पाणी, जंत आणि सतत जुलाब असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. बाळाला सहाव्या महिन्यानंतर जुलाब जास्त का होतात? कारण पहिल्यांदाच वाटी, चमचा, हात आणि पाणी त्याच्या पोटापर्यंत पोचतात. साबणाने धुतलेले हात, उकळलेलं पाणी आणि ताजं शिजवलेलं अन्न हेही बाळाच्या पोषणातच मोजायचं.

सुखात्मे १९९७ साली गेले. केंद्र सरकार संख्याशास्त्रातल्या मोठ्या कामासाठी त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देतं. त्या विषयात त्यांचं नाव मोठं आहे, पण सामान्य घरात ते फारसं कुणाला माहीत नाही. ज्या घरात आज उष्टावणाची तयारी चालू आहे, तिथे तर नाहीच.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर वरणभातात काय असतं असा मेसेज आला, तर १३ टक्क्यांचं गणित पाठवून द्या. मात्र त्याआधी बाळाच्या वाटीत नजर टाका. भात दाट आहे का, डाळ तळाची घेतलीय का, तूप पडलंय का, हात धुतलेत का. आणि मग दर महिन्याला बाळाचं वजन करून लसीकरणाच्या कार्डावरच्या आलेखात मांडा. रेषा वर चाललीय की थांबलीय ते तिथे दिसेल. थांबली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नजरेच्या अंदाजाने काम भागत नाही, काट्यावर घालून बघावं लागतं.